वस्तीतली गरिबी कमी करायची तर शेजाऱ्यांनी सुरुवात कुठून करावी?

गरिबीसाठी काही करावं म्हणून चार माणसं एकत्र बसली की दहा मिनिटांत विषय वर्गणीवर येतो. किती जमेल, कोण देईल, पावतीपुस्तक कोणाकडे राहील. माझं स्पष्ट मत आहे की हा विषय पहिले दोन-तीन महिने काढूच नये. पैशाच्या बाबतीत सरकार आणि मोठ्या संस्था आपल्यापेक्षा कायम पुढेच राहणार. त्यांच्याकडे नसलेल्या तीन गोष्टी मात्र शेजाऱ्यांकडे असतात. कुठल्या घरात काय चाललंय याची खबर असते, अडचण आली की तासाभरात दारात पोचता येतं आणि ओळखीपाळखी असतात. या तिन्हींचा नीट वापर झाला तर थोडक्या पैशातही बरंच काम होतं. तो झाला नाही तर कितीही पैसा आला तरी एकदाचं सामान वाटून होतं आणि पुढच्या महिन्यात घर होतं तिथेच असतं.

पुढचं सगळं पाच ते दहा जणांच्या गटाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय. नोंदणी, लेटरहेड, बॅनर यातलं काही लागत नाही. आठवड्याला दोन-तीन तास आणि किमान दोन वर्षांची चिकाटी लागते. पहिल्या खेपेला दहा-बारा घरांच्या वर जाऊ नका.

आधी एवढं समजून घ्या: माणसं गरीब होत असतात

गरीब म्हणजे ठरलेली, कायमची काही घरं, असं आपण धरून चालतो. अनिरुद्ध कृष्ण या अभ्यासकांनी राजस्थानातल्या खेड्यांपासून सुरुवात करून पुढे गुजरात, आंध्र, केनिया, युगांडा, पेरू अशा ठिकाणी हे तपासलं. पद्धत साधी होती. गावकऱ्यांना जमवून विचारायचं, अगदी गरीब घरात चार पैसे आले तर ते आधी कशाला जातात? पोटाला. मग? मुलांची शाळा, अंगावरचे कपडे, मग देणं फेडणं किंवा छप्पर. कुठल्या पायरीपुढे घराला गरीब म्हणायचं नाही, हेही लोकच ठरवतात, आणि त्यावर फारसा वाद होत नाही. मग एकेक घर घेऊन विचारायचं, हे आज कुठल्या पायरीवर आहे आणि पंचवीस वर्षांपूर्वी कुठे होतं? जुना काळ नेमका आठवावा म्हणून राजस्थानात १९७५-७७ च्या आणीबाणीची खूण दिली होती.

निघालं ते असं. एकाच गावात काही घरं गरिबीतून वर आली होती आणि त्याच काळात आधी बऱ्यापैकी असलेली दुसरी घरं खाली गेली होती. घसरण्याच्या कारणांत सगळीकडे ठळक होतं ते आजारपण आणि त्याचा खर्च. त्याखालोखाल लग्नकार्य आणि मयतीचे खर्च, चढ्या व्याजाचं कर्ज. वर येण्याची कारणं वेगळी होती. त्यात मुख्य म्हणजे उत्पन्नाचा दुसरा मार्ग सापडणं, आणि बऱ्याचदा तो कुणाच्या तरी माहितीतून, ओळखीतून मिळालेला होता.

म्हणजे कामंही दोन आहेत. घसरणाऱ्याला अडवणं आणि चढणाऱ्याला हात देणं. आपले बहुतेक उपक्रम दुसऱ्या कामाचे असतात. पहिलं काम दिसत नाही, कारण जे घर कर्जात बुडता बुडता वाचलं त्याचा फोटो काढता येत नाही. शेजाऱ्यांना सगळ्यात चांगलं जमण्यासारखं काम मात्र तेच आहे.

जुनी आणखी एक पाहणी इथे उपयोगी पडते. सीबोम राउंट्री यांनी १८९९ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात ११,५६० कुटुंबांची माहिती गोळा केली. निव्वळ जगण्यापुरतंही उत्पन्न नसलेल्या लोकांपैकी निम्म्याहून थोडे जास्त अशा घरांतले होते, जिथे कमावता माणूस नियमित कामावर होता, फक्त मजुरी तुटपुंजी होती. 'हात हलवत नाहीत म्हणून गरीब' हे तेव्हाही खरं नव्हतं. त्यांना दुसरीही गोष्ट दिसली. कष्टकरी माणूस आयुष्यात तीनदा तंगीत सापडतो: लहानपणी, स्वतःची मुलं लहान असताना आणि म्हातारपणी. वस्तीत कुठलं घर या वळणाशी आलंय, हे शेजाऱ्याला कुठल्याही सर्वेक्षणाआधी कळतं.

पहिली पायरी: यादी, आणि ती कशी करायची नाही

सात-आठ माणसं जमवा. निम्म्या बायका हव्यात. उधारीवर माल देणारा दुकानदार, शाळेतल्या बाई, आरोग्यसेविका, सफाई कामगार यांतले दोघे-तिघे असावेत. पुढारी एकच पुरे, नसला तर उत्तम.

इंडोनेशियात ६४० गाव-वस्त्यांत एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. काही ठिकाणी घरातल्या वस्तू आणि मालमत्तेवरून सूत्र लावून गरीब ठरवले, तर काही ठिकाणी लोकांच्या सभेत घरांची उतरंड लावली. दरडोई खर्चाच्या मोजमापावर सूत्र किंचित सरस ठरलं, पण सभेने केलेली यादी लोकांना जास्त पटली आणि तक्रारी कमी आल्या. आपल्या कामाच्या दृष्टीने त्यातली एक छोटी नोंद मोलाची आहे. सभा जशी लांबत गेली तशा चुका वाढत गेल्या. माणसं कंटाळली की 'टाका हो कुठेतरी' सुरू होतं. म्हणून एका बैठकीत तीस-पस्तीस घरांवर जाऊ नका. उरलेली पुढच्या आठवड्यात घ्या.

प्रत्येक घरासाठी एक कार्ड करा. कार्डावर नाव नको, खुणेचा आकडा घाला. कुठला आकडा कुठल्या घराचा, ही नोंद एकाच माणसाकडे ठेवा. 'हे घर गरीब आहे का?' असं विचारलंत की भांडण नाहीतर भीड, दोन्हींपैकी एक येणारच. त्याऐवजी नेमकं विचारा. गेल्या वर्षात आजारपणासाठी कर्ज काढावं लागलं का? कमावणारं माणूस एकच आहे का? मूल शाळेतून गळलंय का? एकटं राहणारं म्हातारं, अपंग किंवा विधवा माणूस आहे का? घरातला कमावता गेल्या सहा महिन्यांत कामावरून सुटलाय का? पाचातल्या तीनांना 'हो' आलं की ते घर यादीत घ्या.

मग थांबून उलटा प्रश्न विचारा, इथे कुणाचं नाव आलंच नाही? भाड्याने राहणारे, नुकतेच आलेले, ज्यांच्याकडे उठबस नाही असे, आणि घरात काही नसताना इस्त्रीचे कपडे घालून बाहेर पडणारे. ही घरं हमखास सुटतात.

यादी मोबाइलवरच्या ग्रुपवर टाकायची नाही. हा नियम मोडणाऱ्याला गटातून काढायचं, मग तो कितीही कामाचा असो.

दुसरी पायरी: एका घराचं वर्ष कागदावर मांडा

भेटीला दोघांनीच जावं, त्यात एक बाई असावी. हातात फॉर्म नको. एक कोरा कागद घ्यायचा, त्यावर बारा चौकोन आखायचे.

उत्पन्न विचारू नका. आकडा खरा मिळत नाही आणि विचारल्यावर समोरचं माणूस आक्रसतं. कामाचे दिवस विचारा. कुठल्या महिन्यात काम भरपूर असतं? कधी हात रिकामे असतात? मागच्या महिन्यात खाडे किती पडले, कशामुळे? रोजंदारीवरच्या माणसाचे महिन्यात सहा खाडे पडले आणि त्यातले चार मुलाच्या तापात गेले, ही माहिती उत्पन्नाच्या आकड्यापेक्षा जास्त बोलते. नंतर खर्चाचे मोठे महिने: शाळा सुरू होण्याचा, भाड्याचा करार संपण्याचा, सणाचा, कर्जाच्या हप्त्याचा. शेवटी औषधं, तीही दर महिन्याची लागणारी आणि बंद केलेली अशी वेगवेगळी. बंद केलेल्या औषधांबद्दल आवर्जून विचारा. पुढच्या वर्षीचा मोठा खर्च बऱ्याचदा तिथे दडलेला असतो.

कागद भरत आला की दोन-तीन चौकोन आपोआप काळे दिसू लागतात. काम नाही आणि खर्च तुंबलेला, असे महिने. बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अडीचशेहून अधिक गरीब घरांचा वर्षभराचा जमाखर्च संशोधकांनी पंधरवड्याला पंधरवड्याला टिपला होता, त्यातही हेच दिसलं. उत्पन्न कमी असतं हे खरंच, पण ते वेड्यावाकड्या वेळी येतं, हा तेवढाच मोठा त्रास असतो. ही माणसं पैशाच्या बाबतीत अडाणी नसतात. एकाच वेळी शेजारणीकडे थोडं ठेवलेलं, भिशीत थोडं टाकलेलं, दुकानात उधारी, मुकादमाकडून उचल, अशी पाच ठिकाणची तोंडमिळवणी ती रोज करतात. तेव्हा 'बचतीचं महत्त्व' यावर व्याख्यान ठेवायची हौस आवरा.

कागद त्यांच्याकडेच ठेवून या. तुम्ही फक्त काळे महिने टिपून घ्या.

तिसरी पायरी: घसरण अडवा

या कामावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन.

आजारपण, अपघात, मयत यांत कर्ज बहुधा रात्री किंवा पहिल्या दिवशी काढलं जातं. घाबरलेल्या अवस्थेत, पहिला जो देईल त्याच्याकडून, तो म्हणेल त्या व्याजाने. ते एक-दोन दिवस तरून नेता आले तरी पुष्कळ फरक पडतो. म्हणून गटाची पाळी लावा. आठवड्याला दोघे, फोन चालू ठेवून. काम ठरलेलं असावं. एकाने दवाखान्यात सोबत जायचं, सवलतीत किंवा मोफत उपचार बसतात का हे तिथेच विचारायचं, समाजसेवा विभाग असेल तर गाठायचा, बिलाची प्रत मागून घ्यायची. दुसऱ्याने घरची मुलं आणि स्वयंपाक सांभाळायचा आणि कामाच्या ठिकाणी निरोप द्यायचा, म्हणजे आजारपणापाठोपाठ नोकरीही जाणार नाही. यात पैसा जवळपास लागत नाही.

कायमची सोय म्हणून बचतीची पेटी सुरू करा. ही पद्धत १९९१ मध्ये नायजर देशातल्या मारादी भागात केअर या संस्थेने बायकांच्या गटांबरोबर बसवली आणि तिथून ती आफ्रिकाभर आणि बाहेरही पसरली. भिशी आपल्याला माहीत आहे, पण भिशीत पैसे आपल्या पाळीला मिळतात, आणि मूल आजारी पडतं ते पाळी बघून पडत नाही. पेटीचं तसं नाही.

दहा ते पंचवीस सभासद. लोखंडी पेटीला तीन कुलपं. तीन किल्ल्या तिघींकडे आणि पेटी चौथीच्या घरी. बैठकीशिवाय पेटी उघडत नाही. सगळे गोल बसले की किल्ल्यावाल्या पुढे येतात, मागच्या वेळची शिल्लक किती होती ते आधी सभासद तोंडी सांगतात, मग सगळ्यांसमोर मोठ्याने मोजलं जातं. जुळलं की पुढे. प्रत्येकीने ठरलेल्या रकमेचे एक ते पाच हिस्से घ्यायचे, ऐपतीप्रमाणे, आणि पासबुकात तेवढे शिक्के उमटवायचे, म्हणजे लिहिता-वाचता येत नसलं तरी हिशेब दिसतो. कर्ज आपल्या बचतीच्या तिपटीपर्यंत. व्याज बाहेर जात नाही, पेटीतच राहतं. शिवाय एक छोटी वेगळी पिशवी, आजारपण आणि मयतीसाठी. त्यातलं बिनव्याजी द्यायचं किंवा परत मागायचंच नाही, हे गट ठरवतो.

वर्ष भरलं की सगळं वाटून टाकायचं, पेटी रिकामी. लोकांना हे खटकतं. जमलेली रक्कम मोडायची कशाला? कारण असं की हिशेब दरवर्षी कोरा होतो, अफरातफरीला जागा उरत नाही आणि ज्याला निघायचं तो तंटा न करता निघू शकतो. वाटपाचा महिना गटाच्या काळ्या महिन्याच्या तोंडावर ठेवा.

पेटीत बाहेरचा पैसा घालू नका. सुस्थितीतल्या कुणाला तरी 'माझ्याकडूनही थोडे' असं वाटतंच. भावना चांगली आहे, पण दानाचा पैसा मिसळला की फेडीची शिस्त जाते. शेजारणीचे पैसे बुडवायला माणूस कचरतं, साहेबांचे बुडवायला नाही. त्यांनी पेटी आणि कुलपं विकत आणून द्यावीत.

चौथी पायरी: कागदपत्रं, माहितीपुरती नाही तर शेवटपर्यंत

योजना, शिष्यवृत्त्या, पेन्शन, दाखले. यांची माहिती देणारे मेळावे उदंड होतात. अमेरिकेतला एक प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. कराचं विवरणपत्र भरून घ्यायला आलेल्या कमी उत्पन्नाच्या काही कुटुंबांना मुलांच्या कॉलेजच्या आर्थिक मदतीचा अर्ज तिथेच, हाताशी असलेल्या माहितीवरून, काही मिनिटांत भरून दिला. दुसऱ्या काही कुटुंबांना किती मदत मिळू शकेल याची माहिती तेवढी दिली. २०१२ मध्ये निष्कर्ष आले. अर्ज भरून दिलेल्या, शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या कॉलेजात जाण्याच्या प्रमाणात सुमारे ८ टक्के-बिंदूंची, म्हणजे शंभरामागे सुमारे आठ मुलांची वाढ झाली. नुसती माहिती मिळालेल्यांत काही फरक पडला नाही.

म्हणून पत्रकं छापू नका. आठवड्यातला एक दिवस, एक टेबल, दोन माणसं, एवढं ठेवा. प्रत्येक घराची एक फाइल. पहिल्या पानावर सगळ्या कागदांतली नावं आणि जन्मतारखा जशा छापल्या आहेत तशा एकाखाली एक लिहा. निम्मे अर्ज अडतात ते इथे: एका कागदावर वडिलांचं पूर्ण नाव, दुसऱ्यावर आद्याक्षर, तिसऱ्यावर लग्नाआधीचं आडनाव. नवीन अर्ज टाकण्याआधी ही तफावत दूर करा. अर्ज दिला की पोच घ्या, क्रमांक वहीत लिहा, किती दिवसांनी विचारायला जायचं ती तारीखही लिहा.

रोजंदारीच्या माणसाला एक हेलपाटा म्हणजे एक दिवसाची मजुरी. हक्काचं मिळायला पाच हेलपाटे पडणार असतील तर तो दुसऱ्यालाच सोडून देतो, आणि त्याचं गणित चुकीचं नसतं. रांगेत उभं राहणं, साहेब जागेवर आहेत का ते बघून येणं ही कामं निवृत्त मंडळींनी वाटून घ्यावीत. ज्याचं काम आहे त्याने फक्त सही-अंगठ्यापुरतं जावं.

मूळ कागद स्वतःकडे ठेवायचे नाहीत. ओटीपी, पासवर्ड विचारायचे नाहीत. 'होऊन जाईल' असा शब्द द्यायचा नाही. आणि एक रुपयाही घ्यायचा नाही, चहापाण्याचासुद्धा. एकदा घेतला की तुम्ही एजंट झालात.

पाचवी पायरी: काम

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती जवळच्या माणसाकडून मिळालेली नव्हती. मदत करणाऱ्याशी वरचेवर भेट होत असे अशांचं प्रमाण जेमतेम १७ टक्के होतं. बाकीच्यांची ओळख अधूनमधून भेटण्यापुरती किंवा त्याहून विरळ होती. कारण उघड आहे. आपल्या जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. गरीब घराची सगळी ओळख त्याच्यासारख्याच घरांशी असते, त्यामुळे कामाची बातमी पोचते ती सगळ्यांना एकदम किंवा कुणालाच नाही. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत फेसबुकवरच्या मैत्रीचं जाळं तपासून २०२२ मध्ये असाच निष्कर्ष मांडला. ज्या भागात गरीब आणि सुस्थितीतल्या लोकांची आपसांत मैत्री जास्त, तिथली गरीब घरातली मुलं मोठेपणी वर येण्याचं प्रमाणही जास्त.

तेव्हा गटातल्या प्रत्येकाने आपला मोबाइल काढून बसावं आणि कुठे माणसं लागतात अशा दहा ओळखी लिहून काढाव्यात: कारखाना, दवाखाना, गॅरेज, शाळा, गोदाम. मग यादीतल्या घरातल्या एकेका माणसासाठी शब्द टाकावा. मोघम 'बघा काहीतरी' नको. 'यांना शिलाईमशीन येतं, सकाळी नऊ ते दोन जमेल, आठवडाभर बघा' असं सांगा.

काम मिळालं म्हणजे झालं, असं नाही. पहिला पगार हातात येईपर्यंत एक-दीड महिना जातो. रोजंदारीत रोज संध्याकाळी पैसे येत होते, ते बंद झाले. जाण्यायेण्याचा खर्च मात्र पहिल्या दिवसापासून. पुष्कळ माणसं चांगली नोकरी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सोडतात ती यामुळे, आणि आपण म्हणतो 'टिकत नाहीत'. वर्गणी काढायचीच असेल तर इथे काढा. पहिल्या पगारापर्यंतचा प्रवास आणि किराणा, शिवाय मूल सांभाळायची सोय.

आता एक अवघड विषय. आपल्यातलेच बरेच जण कुणाचे तरी मालक असतात. घरकामाच्या बाई, ड्रायव्हर, दुकानातला पोऱ्या, सोसायटीचा रखवालदार. गटाची पहिली बैठक या हिशेबाने संपवावी: पगार ठरल्या तारखेला जातो का? आजारपणाची रजा भरपगारी आहे का? दरवर्षी आपणहून वाढ देतो का? किमान वेतनापेक्षा कमी तर देत नाही ना? राउंट्रींच्या यॉर्कमध्ये गरिबीचं सगळ्यात मोठं कारण कमी मजुरी हेच होतं. सकाळी गरिबांना वह्या वाटायच्या आणि संध्याकाळी बाईंचे चार खाडे कापायचे, यात काय अर्थ आहे?

सहावी पायरी: साधन देताना

शिलाईमशीन, हातगाडी, शेळी देणं लोकप्रिय आहे, आणि बऱ्याचदा वायाही जातं. जिथे ते टिकलं तिथे साधनाबरोबर इतर गोष्टीही होत्या. बांगलादेशात ब्रॅक संस्थेने २००२ मध्ये अतिगरीब घरांसाठी कार्यक्रम सुरू केला. त्यात उपजीविकेचं साधन, ते वापरण्याचं शिक्षण, सुरुवातीचे काही महिने घरखर्चाला थोडी रोख रक्कम, बचत, आरोग्याची सोय आणि दोन वर्षं नियमित घरभेटी हे सगळं एकत्र होतं. हाच साचा भारत, पाकिस्तान, इथिओपिया, घाना, होंडुरास आणि पेरूमध्ये तपासला गेला. २०१५ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार मदत थांबल्यावर वर्षभरानेही एकूणात घरांची स्थिती सुधारलेली होती. होंडुरासमध्ये मात्र डाव फसला. तिथे बऱ्याच घरांनी कोंबड्या घेतल्या होत्या आणि त्या रोगाने मेल्या.

कोंबड्यांचा हा धडा विसरू नका. साधन निवडण्याआधी तीन गोष्टी बघा: ते मेलं किंवा मोडलं तर काय, दुरुस्ती किंवा औषध कुठे मिळतं, आणि त्याच गल्लीत तोच धंदा आधीच किती जण करतात. एकाच वस्तीत आठ जणींना शिलाईमशीन दिलं तर आठही जणींची मजुरी पडते. वाटणाऱ्याला मात्र आठ फोटो मिळतात.

धंद्यासाठी कर्ज काढायला सरसकट कुणाला भरीस घालू नका. बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्कोमधले सूक्ष्मकर्जाचे, म्हणजे गरिबांना दिलेल्या छोट्या कर्जांचे, सहा अभ्यास २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. कर्जामुळे सरासरी घराचं उत्पन्न पालटलं, असं कुठेच दिसलं नाही. आधीपासून धंदा चालवणाऱ्याला कर्जाचा उपयोग होऊ शकतो. नवख्याला आधी एखाद्या चालत्या धंद्यावर हाताखाली उभं करा.

खर्चाची बाजू

गरीब माणूस तीच वस्तू महाग घेतो, कारण तो ती थोडी थोडी आणि उधारीवर घेतो. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात १८४४ मध्ये २८ कामगारांनी प्रत्येकी एक पौंड जमवून स्वतःचं दुकान काढलं ते याच कारणाने. विकायला होतं काय, तर पीठ, लोणी, साखर, मेणबत्त्या, एवढंच. माल चोख, माप पूर्ण आणि व्यवहार रोखीचा. तुम्हाला दुकान काढायची गरज नाही. दहा-बारा घरांनी महिन्याचा टिकाऊ माल एकत्र आणला तरी बरीच बचत होते. मात्र हिशेबाचं काम दर महिन्याला नव्या माणसाकडे द्या, आणि उधारी अजिबात ठेवू नका.

मोजणी, आणि कधी निघायचं

किती किट वाटले, किती कार्यक्रम झाले हे मोजू नका. दर सहा महिन्यांनी प्रत्येक घराच्या कार्डावर चार नोंदी करा: चढ्या व्याजाचं देणं कमी झालं का, काळ्या महिन्यांत दोन वेळचं नीट भागलं का, मुलं शाळेत आहेत का, उत्पन्नाचा दुसरा मार्ग निघाला का. चारातलं तीन सलग वर्षभर जमलं की त्या घराच्या भेटी कमी करा. एकदम बंद करू नका. महिन्यातून एकदा, मग सणावारी.

काही घरांत काहीच हलत नाही. व्यसन, मारहाण, मानसिक आजार अशी कारणं असली तर शेजाऱ्यांच्या आवाक्यातलं ते काम नसतं. डॉक्टर, समुपदेशक, बाईच्या जिवाला धोका असेल तर पोलीस, यांच्यापर्यंत पोचवायचं आणि मुलांवर लक्ष ठेवायचं. अशा घरावर चिडून इतरांसमोर त्याचा उद्धार करणाऱ्याला भेटीच्या कामावरून काढा.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस गट नव्याने बांधावा लागतो, कारण तोवर निम्मे जण गळालेले असतात. रिकाम्या जागा यादीतल्याच घरांतून भरा. दवाखान्यात कुठल्या खिडकीवर काय मागायचं, कुठला सावकार किती लावतो, कोण खरोखर अडलंय, हे त्यांना तुमच्यापेक्षा नेमकं कळतं. फक्त त्यांना खुर्च्या मांडायच्या कामाला लावू नका. पुढची यादी करायच्या बैठकीला कार्डं घेऊन त्यांनाच बसवा.